गळ्यातले चार मसुरीचे दाणे

नमस्कार मंडळी. हे माझ्या तळहातावर बघा, थोडं कॅमेऱ्याजवळ आणते. चार मसुरीचे दाणे. साधारण एवढ्याशाच चार ग्रंथी आपल्या गळ्यात, थायरॉईडच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेल्या असतात. एकेकीचं वजन 30 ते 50 मिलिग्रॅम. नाव पॅराथायरॉईड, म्हणजे थायरॉईडच्या शेजारची. शेजार खरा, पण काम वेगळं, आणि नावामुळे मोठा घोटाळा होतो.

माझ्या ओपीडीत एक काकू आल्या होत्या. कापडी पिशवीत जाडजूड फाइल. तीनदा मुतखडा झालेला, कंबर आणि पाय सतत दुखतात, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू. फाइल चाळताना दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट सापडला. कॅल्शियम 11.4, ठळक अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. तो बाण कुणी पाहिलाच नव्हता. मी पॅराथायरॉईड म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "मॅडम, थायरॉईड तपासलाय माझा, नॉर्मल आहे." नॉर्मल होताच. बिघडली होती शेजारीण.

थायरॉईड शरीराचा वेग सांभाळते: वजन, थंडी-ऊन सहन होणं, पाळी, हृदयाची गती. त्यावर आपण आधी बोललोय. पॅराथायरॉईडचं सगळं लक्ष रक्तातल्या कॅल्शियमवर असतं. ते साधारण 8.5 ते 10.5 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आत राहायला हवं, कारण स्नायू, नसा आणि हृदयाचे ठोके त्यावर चालतात. जरा कमी झालं की या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला लघवीवाटे फार जाऊ देत नाही, आणि व्हिटॅमिन डी कामाला लावून आतड्यातून जास्त शोषून घ्यायला लावतं. पुरेसं झालं की हार्मोन थांबतं.

आजारात ते थांबत नाही. बहुतेक वेळा चारातल्या एकाच ग्रंथीला गाठ येते, आणि ती गाठ सहसा कर्करोगाची नसते. पण ती हाडं पोखरत राहते. रक्तात कॅल्शियम इतकं वाढतं की शेवटी लघवीतही जास्त उतरतं आणि खडे होतात. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, सारखी तहान, उदास वाटणं. सगळं वयावर ढकललं जातं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. याचा मला मनापासून राग येतो.

चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाजाचा कप्तान होता. या आजारात त्याची हाडं इतकी खचली की उंची जवळजवळ 18 सेंटिमीटरने घटली. गळ्यात पुन्हापुन्हा शोधूनही गाठ मिळेना. 1932 मध्ये सातव्या ऑपरेशनला ती सापडली, छातीत! या ग्रंथी कधीकधी अशा भलत्या ठिकाणी असतात. काही आठवड्यांतच तो गेला, मुतखड्याच्या त्रासामुळे. आणि गंमत अशी, की ही ग्रंथी पहिल्यांदा नोंदवली गेली ती आपल्या भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचं रिचर्ड ओवेन यांनी विच्छेदन केलं होतं. माणसातलं नीट वर्णन 1880 मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमने केलं.

आता रिपोर्ट वाचताना हमखास चुकतं ते सांगते. काकूंचं पीटीएच आलं 62. लॅबच्या रेंजमध्ये, बाण नाही. घरचे म्हणाले, सुटलो! पण विचार करा, टाकी भरून वाहतेय आणि पंप चालूच आहे. कॅल्शियम 11.4 असताना पीटीएच अगदी तळाला जायला हवं होतं. म्हणून हे दोन आकडे एकाच वेळच्या रक्ताचे आणि शेजारी ठेवूनच वाचायचे. काकूंची गाठ स्कॅनमध्ये दिसली, ऑपरेशन झालं.

उलटंही होतं. थायरॉईडचं ऑपरेशन करताना या ग्रंथींना धक्का लागला, तर एक-दोन दिवसांत ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हात आखडतात. अशा वेळी अशक्तपणा असेल म्हणून घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. कॅल्शियम फार उतरलं तर झटके येऊ शकतात.

आणि ज्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे, त्यांनी कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. कॅल्शियमची किमान चार तासांनी. नाहीतर पहिली गोळी नीट शोषलीच जात नाही.

आज घरातली जुनी फाइल काढा. आईची, मावशीची, ज्यांना खडे झालेत किंवा साध्या पडण्याने हाड मोडलंय त्यांची. कॅल्शियमची ओळ शोधा. आकडा वर असेल तर कॅल्शियमच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, आणि सांगा: "कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), पीटीएच आणि व्हिटॅमिन डी एकत्र बघाल का?"