दोन विती टेबल

(पडदा काळा. आधी फक्त आवाज.)

मागे ही घरघर ऐकू येतेय ना, ती कूलरची. नागपूर, मे महिना, दुपारचे तीन. ध्वनिमुद्रणापुरता कूलर बंद करू या, असं मावशीला दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पाचच मिनिटं हं. मग तुमचा कॅमेराही वितळेल अन् मीही." म्हणून या चित्रफितीत ती पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत भेटेल. मधल्या जागा मला भरायच्या आहेत.

(लक्ष्मीनगरातलं घर, दुसरा मजला. जेवणाचं टेबल. एका कोपऱ्यात मेनकापड दुमडून ठेवलेलं. तिथे कागद, चष्म्याचं घर, वाटीत भाजलेले फुटाणे.)

ही माझी सख्खी मावशी. सत्तरीला टेकली आहे. प्रेमकादंबऱ्या लिहिते. किती लिहिल्या असं विचारलं की बोटांवर मोजते आणि एकवीस-बावीसच्या मध्ये अडकते, कारण एक कादंबरी दिवाळी अंकात एका नावानं आली आणि पुस्तक निघालं दुसऱ्याच नावानं. तिचं स्वतःचं नाव इथे येणार नाही, ही तिची अट. पुस्तकांवर तिनं माहेरचं नाव लावलं, सासऱ्यांना कळू नये म्हणून. सासऱ्यांना कळलं होतं. ते वाचनालयातून तिच्या कादंबऱ्या आणून, वर्तमानपत्रात धरून वाचायचे. शेवटपर्यंत दोघं एकमेकांना काही बोलले नाहीत.

त्या काळी गल्लोगल्ली वाचनालयं होती. पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर, मागच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के, आणि एखाद्या पानावर आधीच्या वाचकिणीनं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'हा मुलगा चांगला नाही.' हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची आणि त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांतच जायच्या. एक प्रत शंभर घरं फिरून यायची. लेखिकेला मात्र पैसे एकदाच. ठोक रक्कम. हस्तलिखित द्यायचं, पाकीट घ्यायचं, हक्क प्रकाशकाचे.

हा 'ठोक' शब्द लक्षात ठेवा. मावशी परदेशात काय पाहत हिंडली, ते त्याच्यावाचून कळणार नाही.

(जुने फोटो. कुठल्याशा सभागृहात खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत चार बायका.)

विदर्भ साहित्य संघ १९२३ सालचा, अमरावतीत सुरू झालेला. पुढे इथे सीताबर्डीवर त्याचं ठाण. शहरात साहित्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही आणि मावशी सगळ्यांना जायची, बसायची मात्र मागे. एका कार्यक्रमात एका वक्त्यानं, नाव नको, व्यासपीठावरून 'लायब्ररीछाप बायका' असा शब्द वापरला. पुढे हशा झाला. मागच्या रांगेतल्या चार जणींनी एकमेकींकडे पाहिलं, बाहेर आल्या, रसवंतीवर उसाचा रस प्यायल्या आणि तिथेच भिशी काढली.

एक कवयित्री, बँकेतून निवृत्त. एक एकांकिका लिहिणाऱ्या, शाळेत मराठी शिकवायच्या. एक बालसाहित्यवाल्या काकू, गुडघ्यांच्या. आणि मावशी. फरक इतकाच की या भिशीत चिठ्ठी निघत नसे. पैसा साठू द्यायचा आणि पुरेसा झाला की चौघींनी मिळून कुठेतरी जायचं. हिशेब मास्तरणीबाईंकडे, लाल बांधणीच्या वहीत.

(लाल वही. पहिलं पान. 'सिंगापूर' असं टपोऱ्या अक्षरांत.)

विश्व मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा भरलं ते २००९ साली अमेरिकेत, सॅन होजेला. अध्यक्ष होते गंगाधर पानतावणे, मूळचे नागपूरचेच. तेव्हा या चौघींचा पैसा पुरला नाही. २०११ ला संमेलन सिंगापूरला गेलं आणि अध्यक्ष महेश एलकुंचवार. पुन्हा नागपूरच. आता न जाणं म्हणजे शेजारच्या घरचं लग्न चुकवणं.

आपलं गाव असं की देशाच्या मधोमध झिरो माइलचा खांब उभा करून बसलं आहे. समुद्र कुठल्याही बाजूनं सारखाच लांब. चौघींपैकी दोघींनी विमानही पहिल्यांदाच पाहिलं.

संमेलनाबद्दल मावशी फार बोलत नाही. भाषणं झाली, जेवण चांगलं होतं, संपलं. ती सांगते ती लिटिल इंडियातली गोष्ट.

(मावशी. कूलर बंद. घाम पुसत.)

"तिथे एका तमिळ माणसाच्या खानावळीत उपमा मागवला. कोरडा होता बाप्पा. मी म्हटलं, भैया, ऊपर से थोडा सांबार डालो. त्यानं मान हलवली अन् वाटीभर सांबार दिलं न वर ओतून! मी म्हटलं, अरे सांबार, हरा सांबार! तो म्हणे, मॅडम, हरा सांबार नहीं होता."

विदर्भाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आम्ही बदलणार नाही.

(रेल्वेच्या खिडकीतून हिरवी कुरणं. फोनवर घेतलेलं, हलतं चित्रण.)

इंग्लंडला पाचवी मी होते. तिकिटं, नकाशा, बॅगा, हे माझं काम. नागपूरहून निघालो तेव्हा पारा पंचेचाळिसात, आणि लंडनमध्ये जून महिन्यात या चौघी स्वेटरवर शाल घेऊन. सोबत तिखट-मिठाच्या पुऱ्या, मेतकूट, आणि काकूंची गुडघ्याच्या तेलाची बाटली. ती पहिल्याच दिवशी बॅगेत फुटली. पुढचे दहा दिवस आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना निलगिरीचा वास होता.

राणीचा राजवाडा बाहेरून पाहिला. झालं. मावशीला जायचं होतं चॉटनला.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून ऑल्टनपर्यंत गाडी, पुढे पायी. हॅम्पशरमधलं लहानसं गाव. तिथल्या विटांच्या घरात इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन १८०९ साली राहायला आली, आई, बहीण आणि एका मैत्रिणीबरोबर. चार बायकांचं घर. आमच्या चौघींनी हे ऐकलं आणि दारातच एकमेकींना कोपरं मारली.

(खिडकीजवळ एक टेबल. इतकं लहान की आधी नजर त्यावरून पुढे जाते.)

हे ते टेबल. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं, मधोमध एकच पाय. आमच्याकडे यावर फार तर टेलिफोन ठेवत असत. हात लावायची परवानगी नाही. मावशीनं लांबूनच हवेत वीत धरली, एक डोळा मिटला, अंगठा-करंगळी, अंगठा-करंगळी. "दोन विती," ती म्हणाली. "वर थोडं असेल. एक कागद अन् दौत. कोपर अधांतरी." मग तिनं स्वतःचं उजवं कोपर उचललं आणि कोपर न टेकवता लिहिल्यासारखं करून पाहिलं, बराच वेळ. मागे रांग थांबली होती. कोणी काही म्हणालं नाही.

त्या घरात एक दार करकरायचं आणि ऑस्टिन ते दुरुस्त करू देत नसे, असं तिच्या भाच्यानं पुढे लिहून ठेवलं. कोणी येतंय हे कळायचं आणि कागद झाकता यायचे. ही गोष्ट तिथे येणारा प्रत्येक माणूस ऐकतो आणि सुस्कारा टाकतो. मावशीनं सुस्कारा टाकला नाही. तिला हिशेब हवा होता.

तो मी फोनवर शोधून तिला वाचून दाखवला, बागेतल्या बाकावर बसून. पहिली कादंबरी १८११ साली आली, लेखिकेच्या नावाच्या जागी फक्त 'एका बाईनं लिहिलेली'. ती तिनं स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली होती आणि तिला १४० पौंड नफा झाला. दुसरी, 'प्राइड अँड प्रेज्युडिस', तिनं प्रकाशकाला हक्कासकट विकून टाकली. तिला १५० हवे होते, मिळाले ११०. पुस्तक १८१३ ला निघालं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती झाली, पुढे तिसरी. त्यातलं तिला काही नाही.

मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे हिनंही ठोकच घेतले होते?"

हो.

"अन् पहिल्याचा नफा हातात यायच्या आधीच?"

हो.

"वेडी का काय बाई," मावशी म्हणाली, आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. इतक्या वर्षांत मी तिला स्वतःच्या कादंबरीवरही रडताना पाहिलेलं नाही.

मास्तरणीबाईंनी लाल वहीत त्या दिवशीच्या खर्चाखाली लिहिलं आहे: चहा, भाकरीसारखे केक, ११० पौंड. ही शेवटची रक्कम आमची नव्हे, पण त्यांनी खोडली नाही.

(पाऊस. दगडी फरसबंदीचा चढ. काकू एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं भिंतीला धरून.)

हॉवर्थ. यॉर्कशर. शार्लट, एमिली आणि ॲन या लेखिका ब्राँटे बहिणींचं घर चढावर आहे, हे मी आधी सांगितलं नव्हतं. काकूंनी मला अजून माफ केलेलं नाही.

तिथेही टेबलच. जेवणघरातलं, मोठं, महोगनीचं. मधे ते घराबाहेर गेलं होतं, २०१५ साली परत आलं. त्यावर शाईचे डाग, मेणबत्तीनं जळलेली खूण आणि कोरलेलं एक छोटं इंग्रजी अक्षर, ई. तिघी बहिणी रात्री या टेबलाभोवती चकरा मारत एकमेकींना लिहिलेलं ऐकवायच्या. १८४८च्या डिसेंबरात एमिली गेली, १८४९च्या मे महिन्यात ॲन. मग शार्लट एकटीच चकरा मारायची. मोलकरणीला तिची पावलं ऐकू यायची.

इथे मात्र बोलल्या त्या कवयित्री. १८४६ साली या तिघींनी पदरचे पैसे घालून कवितासंग्रह छापला, करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशा पुरुषी वाटतील अशा नावांनी. वर्षभरात खपल्या दोन प्रती. कवयित्रीताई काचेपाशी उभ्या होत्या, एकदम वळून म्हणाल्या, "माझ्या सदतीस गेल्या हो! सदतीस!" सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मराठी कोणाला कळत नव्हतं, पण एक म्हाताऱ्या इंग्रज बाई हसून टाळ्या वाजवत्या झाल्या.

(व्हेरोना. गर्दीचं अंगण. वर एक सज्जा.)

इटलीत कंपनीच्या सहलीतून गेल्या, माझ्याशिवाय. ज्यूलिएटच्या घरी मिळाली वीस मिनिटं. तो जगप्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकात बसवलेला आहे, हे ऐकून मावशीला बरंच वाटलं. नायिकेसाठी मागाहून सज्जा जोडणं तिनंही केलेलं आहे, दुसऱ्या आवृत्तीत. पण तिला आवडली ती पत्रं. जगभरातून लोक ज्यूलिएटला लिहितात आणि गावातले स्वयंसेवक बसून उत्तरं देतात. मावशीकडे गोंदियाची, वर्ध्याची, आर्वीची आंतरदेशीय पत्रं पिशवीभर आहेत. 'तुमच्या नायिकेनं नोकरी सोडली, मी सोडू का?' असं एकीनं विचारलं होतं. मावशीनं त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं, 'सोडू नका. ती कादंबरी आहे.'

(इस्तंबूल. उताराची गल्ली. कोपऱ्यावर गडद लाल घर.)

आणि हे सगळ्यात अलीकडचं. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांनी आधी 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' ही कादंबरी लिहिली आणि मग त्याच नावाचं खरंखुरं संग्रहालय २०१२ साली चुकुरजुमा भागात उघडलं. कादंबरीची ८३ प्रकरणं, तितक्याच पेट्या. त्यांत बांगड्या, चमचे, केसांच्या पिना, चिनी मातीची कुत्री. शिरतानाच भिंतीवर नायिकेनं ओढलेल्या सिगारेटींची ४,२१३ थोटकं, टाचणीनं टोचलेली, प्रत्येकाखाली हातानं लिहिलेली ओळ.

(मावशी. कूलर पुन्हा बंद.)

"त्यातला नायक दुसऱ्याच्या बायकोच्या घरी जवळजवळ आठ वर्षं जेवायला जातो अन् निघताना मिठाची बाटली खिशात टाकतो! माझ्या कादंबरीत असं लिहिलं असतं नं, तर प्रकाशक म्हणाला असता, बाई, तब्येत बरी आहे ना? अन् मी पाहून राहिली, तिथे पुरुष उभे राहून रडून राहिले त्या थोटकांपुढे. तेव्हा म्हटलं, प्रेमकथाच आहे ही. आमच्यासारखीच. फक्त हिला काचेची पेटी मिळाली."

मी विचारलं, मग तू काय उचलून आणलंस?

तिनं टेबलाच्या खणातून बिस्किटांचा डबा काढला. ऑल्टनचं रेल्वे तिकीट. हॉवर्थच्या दुकानातली पेन्सिल. सिंगापूरच्या खानावळीचं बिल, त्यावर उपमा आणि खाली वेगळं लावलेलं सांबार.

(लाल वही. शेवटचं भरलेलं पान.)

इस्तंबूलहून आल्यावर आठवड्याभरात ती जुन्या प्रकाशकाकडे गेली. त्यांना हवी होती लंडनमध्ये घडणारी प्रेमकथा. खप होतो म्हणे. मावशीनं सांगितलं, कथा नागपुरातल्या अजनी स्टेशनवर घडते, नायिका तिकीट खिडकीवर आहे, वय बावन्न. आणि ठोक रक्कम घेणार नाही, टक्केवारी पाहिजे, हक्क माझ्याकडे. ते हसले. चहा मागवला. अकराशे प्रतींच्या धंद्यात टक्केवारी म्हणजे ताईंना ठोकपेक्षा कमीच मिळेल, असं कागदावर मांडून दाखवलं. हिशेब त्यांचा बरोबर होता, मावशीही मान्य करते.

"पण पुढची आवृत्ती निघाली तर?" तिनं विचारलं.

"आणि नाही निघाली तर?"

"तर नाही निघाली."

करार झाला आहे. ही त्याची प्रत. कादंबरीची सतरा प्रकरणं झाली, अठरावं अडलं आहे, कारण तिकीट खिडकीवरच्या बाईला आता बदली हवी आहे आणि नायकाला ती नको आहे.

(जेवणाच्या टेबलाचा तोच कोपरा. मावशी लिहितेय. उजवं कोपर नीट टेबलावर टेकलेलं. कॅमेरा जवळ जातो तशी ती पानावर पालथा हात ठेवते.)

"हे नको घेऊ. कच्चं आहे. झालं नं तुमचं? मग लाव तो कूलर. अन् जाता जाता त्यात दोन बादल्या पाणी टाक."

(कूलरची घरघर.)