हार्मोन मोजायचं म्हणजे वेळ सांभाळायची

नमस्कार. मी डॉक्टर आहे आणि माझं काम हार्मोनवरच्या क्लिनिकल संशोधनाचं. ‘म्हणजे तुम्ही पेशंट बघत नाही?’ असं लोक विचारतात. बघते हो, एकेका पेशंटपाशी अख्खी रात्र बसते.

कारण हार्मोनला वेळ असते. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. सकाळी ८ वाजता जो आकडा नॉर्मल, तोच रात्री १२ ला आला तर आम्हाला कुशिंगची, म्हणजे कॉर्टिसॉल कायम जास्त राहण्याच्या आजाराची शंका येते. ग्रोथ हार्मोन त्याहून अवघड. ते लाटांनी सुटतं आणि मोठी लाट बहुधा पहिल्या गाढ झोपेत येते. मधल्या वेळात धडधाकट माणसातही ते जेमतेम सापडतं. एका सॅम्पलवर काय सांगणार? म्हणून काही अभ्यासांत शिरेत बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, लावून रात्रभर दर २० मिनिटांनी रक्त घेतात. दिवा मंद, नळी लांब, पावलं हळू. झोप मोडली तर लाटही बिघडते.

रक्त निघालं की दुसरी घाई. एसीटीएच म्हणजे कॉर्टिसॉल सोडायला सांगणारं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. त्यासाठी जांभळ्या टोपणाची ट्यूब आधीच गार करून ठेवायची, भरली की लगेच बर्फात, तिथून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात. ती टेबलावर राहिली तर रक्तातलीच एन्झाइम्स हार्मोन तोडतात आणि आकडा उगाच कमी येतो. कॉर्टिसॉल वाढलेलं असताना एसीटीएच कमी दिसलं, की संशय कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीवर जातो. खरी गाठ पिट्युटरीत असली, तर आपण डोकं सोडून पोट तपासत बसतो. एका विसरलेल्या ट्यूबपायी!

इतक्या सूक्ष्म मोजणीचा पाया अमेरिकन शास्त्रज्ञ रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी घातला. त्यासाठी १९७७ साली यालोंना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. मला याची फार चुटपुट लागते.

आणि एका चाचणीत मी खुर्ची सोडतच नाही. इन्सुलिन देऊन रक्तातली साखर मुद्दाम ४० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली उतरवायची आणि पिट्युटरी कशी उत्तर देते ते बघायचं. कपाळावर घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. हे सगळं संमतीपत्रावर सही होण्याआधी मी स्वतः समजावून सांगते, घाई न करता. ‘बास’ म्हणालात की थांबायचं, कारण विचारायचं नाही, हेही सांगते. ग्लुकोजची सिरिंज भरून हाताशी ठेवलेली असते. सॅम्पल संपली, पेशंट जेवला, साखर वर आली आणि तिथेच टिकली, की मग मी उठते.