पत्र्याचा घाम

(दृश्य: पहाट. यावल तालुक्यातली शेतातली खोली. पत्र्याला लोंबणारा थेंब.)

जानेवारी. आभाळ निरभ्र, सातपुड्याकडून गार वारं. पाऊस जाऊन तीन महिने झाले, तरी या खोलीत टपटप चालूच आहे. खाली कापूस आहे, भाव वाढेल म्हणून राखलेला.

"पाऊस नाही भो, मग हे पाणी कुठलं?"

मिस्त्री आला. एकेका बोल्टभोवती डांबर फासून गेला. दुसऱ्या पहाटे पुन्हा टपटप.

(दृश्य: पत्र्याची आतली बाजू, अगदी जवळून.)

हे पाणी वरून आलेलंच नाही. ते खोलीतल्याच हवेतलं आहे: कापसाचा ओलावा, चुलीवरची वाफ, झोपलेल्यांचे श्वास. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा रात्रभर मोकळ्या आभाळाकडे उष्णता टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार पडतो. आत 18 अंश तापमान नि 80 टक्के आर्द्रता असेल, तर साडेचौदा अंशांखाली गेलेल्या कशावरही दव धरतं. पत्रा त्याच्या कितीतरी खाली गेलेला असतो.

नुकसान वजनकाट्यावर कळतं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, आणि 12 च्या वर माल परत.

आजोबांच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घराला हा त्रास नव्हता. वीतभर मातीचा थर एका रात्रीत कुठला गार व्हायला!

(दृश्य: पत्र्यावर चुना मारणारा माणूस.)

मे महिन्यात चुना उपयोगी पडतो, वादच नाही. पण चमकता कोरा पत्रा रात्री उष्णता कमी सोडतो, चुना मारलेला भरपूर. म्हणजे थंडीतली टपटप चुन्याने वाढण्याचीच शक्यता जास्त.

(दृश्य: पत्र्याखाली अंथरली जाणारी चंदेरी शीट.)

उपाय पत्र्याच्या आतून. फोमची, चंदेरी पदराची शीट. फोम खोलीची ऊब पत्र्यापर्यंत जाऊ देत नाही, पदर वाफ अडवतो, आणि उन्हाळ्यात तोच पदर तापलेल्या पत्र्याची धग परतवतो. मात्र पत्रा आणि शीट यांच्यात इंचभर पोकळी हवीच. चिकटवून लावली तर चमक फुकट जाते. सांधे टेपने बंद करायचे. काम इथेच चुकतं, कारण मजुरीत टेपचा वेळ कुणी धरत नाही.

केळी पिकवायच्या खोलीत मात्र सगळं उलटं. तिथे आत गार, बाहेर रावेरचं ऊन. वाफ बाहेरून आत शिरू पाहते, म्हणून वाफ अडवणारा पदर बाहेरच्या अंगाला हवा. तो आतून लावला, तर फोमच भिजतो.

(दृश्य: तीच खोली, आठवड्यानंतरची पहाट.)

शीट लागली. कापूस कोरडा. फक्त भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे टेप संपला म्हणून हातभर सांधा उघडा राहिला, तिथे चार थेंब.

घरधनी शिडी आणायला गेलेत.