वाढवण बंदर: वीस मीटर खोलीच्या पुढचा हिशेब

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला की पहिला आकडा येतो तो खोलीचा. तिथे किनाऱ्यापासून फार दूर न जाता सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते. या आकड्याला एवढी किंमत का, ते आधी पाहू.

आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे सुमारे ४०० मीटर लांब आणि ६१ मीटर रुंद असतात. वीस फुटी डब्यांच्या मापाने त्यांच्यावर २४,००० डबे मावतात. पूर्ण भरल्यावर असे जहाज १६ ते १७ मीटर पाण्यात बसते. पण तेवढीच खोली पुरत नाही. जहाज चालू लागले की तळाखालून पाणी वेगाने मागे सरकते, तिथला दाब कमी होतो आणि जहाज आणखी खाली बसते. त्यात लाटांची हेलकावणी आणि वळताना येणारा कल आलाच. म्हणून दहा-पंधरा टक्के जास्तीचे पाणी राखावे लागते आणि हिशेब अठरा-एकोणीस मीटरपर्यंत जातो. न्हावाशेव्याला जेएनपीएकडे (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाच्या बंदराकडे) जाणारी वाहिनी, म्हणजे जहाजांची पाण्यातली वाट, १५ मीटरपर्यंत खोल केलेली आहे. या आकाराच्या जहाजाने तिथे पूर्ण भरून यायचे म्हटले, तर तेवढी खोली पुरत नाही.

एखादा मीटर कमी असला तर काय बिघडले, असे वाटू शकते. एवढ्या जहाजाला एक सेंटिमीटर खाली बसवायला सुमारे २०० टन माल लागतो. एक मीटर म्हणजे २०,००० टन. भरलेला डबा सरासरी दहा-बारा टनांचा धरला, तर दर फेरीला सतराशे ते दोन हजार डबे मागे राहतात. इंधन, खलाशी, विमा यांचा खर्च मात्र जवळपास तेवढाच. मग जहाज कंपनी मोठे जहाज दुसऱ्या बंदरात नेते आणि आपला माल छोट्या फीडर जहाजाने तिथून आणते. मधल्या बंदरात डबा दोनदा जास्त उचलला जातो, दिवस जातात आणि तो भार शेवटी निर्यातदारावरच पडतो. भारताचा जो माल असा मध्ये बदलून जातो, त्यातला सुमारे ७५ टक्के कोलंबो, सिंगापूर, क्लँग अशा परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे. आपल्या व्यापाराचे वेळापत्रक दुसऱ्याच्या धक्क्यावर ठरते, ही आर्थिक अडचण आहे तशीच सामरिकही आहे.

इथे एक भेद मात्र करायलाच हवा. ही मधली उलाढाल परत आणण्याचे मुख्य काम केरळातील विळिंजम बंदराचे. ते आंतरराष्ट्रीय जलमार्गापासून जेमतेम दहा सागरी मैलांवर आहे. वाढवण त्या मार्गावर नाही. त्याची ताकद पाठीमागच्या मुलखात आहे: महाराष्ट्र, गुजरात आणि थेट दिल्लीपर्यंतचा उत्तर भारत. वाढवणला ‘नवे कोलंबो’ म्हणणे चुकीचे आहे.

सामरिक बाजूचा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. मुंबई बंदर आणि जेएनपीए एकाच वाहिनीवर अवलंबून आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो डबे पाण्यात पडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तो अपघात होता, हल्ला नव्हता. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्याने न्हावाशेव्याचे एक टर्मिनल थांबले होते. त्याच किनाऱ्यावर पण वेगळ्या वाहिनीवर मोठी क्षमता असणे हा खरा विमा.

आता बांधकाम. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली, खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. जेएनपीएचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. प्रत्येकी १,००० मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत.

भिंतीच्या गाभ्यात लहान-मोठा दगड, त्यावर निवडक दगडाचा थर आणि बाहेरून लाटा झेलणारे काँक्रीटचे अवजड ठोकळे, असा क्रम असतो. धोका बहुधा पायथ्याशी असतो. लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, ठोकळे घसरतात आणि वरची चांगली भिंतही बसते. पावसाळ्यात काम थांबते, तेव्हा उघडा राहिलेला गाभा आधी झाकला नाही तर वर्षाची मेहनत एका वादळात जाते.

भिंतीमागचे पाणी शांत होते, हाच तिचा हेतू. पण शांत पाण्यात गाळही खाली बसतो. उत्तरेला खंबातचे आखात आहे आणि तिथले पाणी गढूळ. म्हणून आजची २० मीटर खोली बंदर झाल्यावर फुकट टिकेल असे कुणी धरून चालू नये. गाळउपशाची तरतूद दरवर्षीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून हवी.

भरावाचे दुखणे वेगळे. टाकलेली वाळू सैल आणि पाण्याने भरलेली असते. तिच्याखाली चिकणमाती असेल तर वजनाने माती दबते, तीही सगळीकडे सारखी नाही. रुळावरच्या क्रेनला दोन रुळांतला थोडा फरकही चालत नाही. यावर उपाय म्हणजे मातीत उभ्या निचरापट्ट्या घालणे, वर जादा वजन ठेवून महिनोन्महिने थांबणे आणि वाळू कंपनाने घट्ट करणे. वेळ वाचवण्याचा मोह होतो तो नेमका इथेच. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे सौम्य धक्के जाणवत आले आहेत आणि जोराच्या धक्क्यात सैल ओली वाळू पातळ होऊन वाहते. तिथे हा मोह परवडणारा नाही.

जमिनीकडची बाजू साध्या गुणाकाराने कळते. एका जहाजावर सहा क्रेन, प्रत्येकीच्या तासाला २८ उचली. म्हणजे ५,००० उचलींना साधारण ३० तास लागले. त्यातून वीस फुटी मापाचे ४,००० डबे आत जायचे असतील आणि दुमजली मालगाडीत १८० मावत असतील, तर बावीस-तेवीस गाड्या लागतात, आणि ते एकाच जहाजासाठी. आराखड्यात सुमारे १२ किलोमीटरचा रेल्वे जोड आणि सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आहे. हे जोड धक्क्याच्या आधी तयार हवेत. पश्चिम मालवाहतूक मार्गिकेचा वैतरणा ते न्हावाशेवा हा टप्पाच सगळ्यांत मागे राहिला, हे विसरू नये.

आणि मच्छीमार. डोलजाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावतात. प्रवाह जाळ्यात मासळी आणतो. दहा किलोमीटरची भिंत प्रवाहाची दिशा आणि जोर बदलेल, त्यामुळे भरपाई केवळ भरावाखाली गेलेल्या पाण्यापुरती मोजून चालणार नाही. त्यासाठी गावोगावच्या मासळीची आवक, कुठल्या जागी कुणाचे जाळे, भरती-ओहोटीला प्रवाहाचा वेग आणि पाण्यातला गाळ यांची सलग नोंद हवी, निदान एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, आणि ती मच्छीमार सहकारी संस्थांच्या हाती राहील अशी. भिंत वर आल्यानंतर घेतलेल्या नोंदींना तुलनेसाठी आधीचे काहीच उरत नाही आणि नुकसान सिद्ध करण्याचा भार ज्याचे झाले त्याच्यावरच येतो.