प्लॅस्टिकच्या पिशवीतली फ्लॉपी

आज मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीबद्दल बोलणार आहे. उरलंसुरलं ठेवायला स्वयंपाकघरात वापरतात तसली, वरची कड दाबली की बंद होणारी पिशवी. १९८० सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीमध्ये एक नवरा-बायको अशा पिशव्या भरत होते. प्रत्येक पिशवीत संगणकावरचा खेळ साठवलेली सव्वापाच इंची चकती, म्हणजे फ्लॉपी, आणि सूचनांचा एक कागद. किंमत २४ डॉलर ९५ सेंट. नवरा केन विल्यम्स, पंचविशीतला. बायको रॉबर्टा, त्याच्याहून थोडी मोठी. पदरी दोन लहान मुलं. याच पिशव्यांतून पुढे सिएरा ऑन-लाइन ही संगणकावरच्या खेळांची कंपनी उभी राहिली.

ही हकिकत सांगणारे बहुतेक जण केनपासून सुरुवात करतात. तो प्रोग्रामर होता, महत्त्वाकांक्षी होता, वगैरे. ते खरंच आहे. पण मी रॉबर्टापासून सुरुवात करणार आहे, कारण तिला वगळलं तर केनजवळ फक्त एक महागडं यंत्र उरतं.

रॉबर्टाला संगणकाचं काडीचंही आकर्षण नव्हतं. केननं कामासाठी घरी एक टर्मिनल आणलं होतं. ते टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेलं असायचं. त्याला पडदा नव्हता, उत्तरं कागदावर छापून यायची. त्या मोठ्या संगणकावर केनला एक खेळ सापडला, ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’. आपण ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ असे दोन-तीन शब्द टंकायचे आणि गुहेत पुढे काय दिसतं ते संगणकानं शब्दांत सांगायचं. केननं तो गंमत म्हणून बायकोला दाखवला आणि ती त्यात बुडाली. आठवडेच्या आठवडे ती त्या गुहेत होती. खेळ पूर्ण सुटला तेव्हाच तिनं तो सोडला.

हा खेळ कुठून आला तेही सांगायला हवं. विल क्रॉथर आणि पॅट क्रॉथर हे जोडपं केंटकीतल्या मॅमथ गुहेत उतरून तिचे नकाशे करायचं. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या तुकडीनं शोधून काढलं त्या तुकडीत पॅट होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. गुहेत जाणं सुटलं, मुली दुरावल्या. मग विलनं १९७५-७६च्या सुमारास, मुलींना खेळता यावा म्हणून, त्याच गुहेचा खेळ फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. स्टॅनफर्डमधल्या डॉन वूड्सनं १९७७ मध्ये तो वाढवला आणि तो संगणकांमधून सगळीकडे पसरला. एक संसार मोडला त्या दुःखातून झालेला खेळ दुसऱ्या एका घरी पोहोचला आणि त्या घराचं उपजीविकेचं साधन बदलून गेला. मला ही साखळी फार हलवून टाकते.

खेळ संपल्यावर रॉबर्टाला तसलेच आणखी हवे होते. मिळाले ते थोडे होते, आणि सगळे नुसत्या शब्दांचे. तिला खोली पाहायची होती, दार पाहायचं होतं. मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसली. एक जुना वाडा, त्यात जमलेली माणसं, एकामागून एक होणारे खून, दडवलेले दागिने. कुठल्या खोलीतून कुठे जाता येतं, कोणती वस्तू कुठे आहे, खेळणाऱ्यानं काय केलं तर काय होईल, हे सगळं तिनं काही आठवड्यांत कागदावर उतरवलं. केनच्या डोक्यात तेव्हा वेगळीच योजना होती. ॲपल टू या घरगुती संगणकासाठी फोरट्रानचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतलं लिखाण यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, करायचा आणि विकायचा. ऑन-लाइन सिस्टिम्स हे नाव त्याच कामासाठी ठरलं होतं. रॉबर्टानं त्याला बाहेर जेवायला नेलं आणि जेवता जेवता आपला खेळ समजावून सांगितला. त्या जेवणानंतर कंपायलर मागे पडला.

आता तिनं मागितलं होतं ते किती अवघड होतं, ते जरा बारकाईनं पाहू. ॲपल टूच्या पडद्यावर आडवे २८० आणि उभे १९२ ठिपके. असा एक पडदा साठवायला ८ किलोबाइट लागतात. फ्लॉपीत तेव्हा मावायचे सुमारे ११३ किलोबाइट. म्हणजे प्रोग्राम, मजकूर सगळं बाजूला ठेवलं तरी एका फ्लॉपीत चौदा चित्रं. रॉबर्टाला हवी होती सत्तरच्या आसपास! केननं यातून काढलेली वाट मला आजही सुंदर वाटते. चित्र साठवायचंच नाही. चित्र कसं काढायचं ते साठवायचं. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, तिथून पुढची रेघ. रेघेच्या टोकांचे आकडे तेवढे फ्लॉपीवर, आणि खेळणारा खोलीत शिरला की प्रोग्राम ती खोली पुन्हा काढून दाखवणार. रेघांचे आकडे मिळवायला त्यांनी व्हर्सारायटर नावाचं एक उपकरण घेतलं. पाटीवर कागद ठेवायचा, तिला जोडलेला दांडा चित्रावरून फिरवायचा. चित्रं रॉबर्टानं स्वतः काढली. ती चित्रकार नव्हती. माणसं अगदी काड्यांची आहेत. पण पडद्यावर वाडा दिसत होता. या खेळाचं नाव ‘मिस्टरी हाउस’. घरगुती संगणकावर चित्रांसकट आलेला हा पहिला साहसखेळ.

छंदातून धंद्याकडे गेलेलं हे एकटंच जोडपं नव्हतं. कॅथलीन आणि डॅन स्प्रॅकलेन यांनी घरच्या संगणकावर ‘सार्गॉन’ हा बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. १९७८ मध्ये सॅन होझेच्या संगणक मेळ्यातली स्पर्धा त्यानं जिंकली आणि ते दोघं त्याची छापील प्रत टपालानं विकू लागले. फ्लोरिडातल्या ॲलेक्सिस ॲडम्सनं तर नवऱ्याच्या, म्हणजे स्कॉटच्या, साहसखेळ लिहिण्याच्या नादाला वैतागून त्याच्या फ्लॉपी ओव्हनमध्ये लपवल्या होत्या. पुढचा खेळ तिनं त्याच्या जोडीनं लिहिला. या ओव्हनची आठवण अनेक जण नुसती गंमत म्हणून सांगतात. मला त्यात घरात एकटं पडलेल्या बाईचं सांगणं ऐकू येतं, आणि ती पुढे स्वतःच लिहायला बसली याचं मोल जास्त वाटतं.

परत सिमी व्हॅलीच्या घराकडे येऊ. त्या पहिल्या काही महिन्यांत कंपनीचे सगळे विभाग त्या एका घरात होते. मासिकातली जाहिरात त्यांनीच दिली, फ्लॉपींच्या प्रती घरच्या संगणकावर निघायच्या, पिशव्या घरीच भरायच्या. केन गाडीत माल घालून संगणकांच्या दुकानांतून हिंडायचा. टेलिफोन क्रमांकही घरचाच दिला होता, त्यामुळे खेळात अडकलेले लोक थेट घरी फोन करायचे आणि रॉबर्टा त्यांना पुढचा धागा सांगायची. हे तिला मुद्दाम शिकावं लागलं नाही. आदल्याच वर्षी ती स्वतः अशीच एका गुहेत अडकून बसली होती. गिऱ्हाईक कुठे अडखळतं, कशानं चिडतं, हे दुसऱ्या कुठल्या कंपनीला त्या वेळी इतक्या जवळून ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. ‘मिस्टरी हाउस’च्या दहा हजारांवर प्रती गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी दुसरा खेळ आला, या वेळी रंगीत. सहा रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळून केननं त्यातून कितीतरी जास्त छटा काढल्या. योसेमिटीजवळच्या डोंगरात राहायला जायचं त्यांचं जुनं स्वप्न होतं, ते १९८० संपता संपता पुरं झालं. केनचा धाकटा भाऊ जॉन कामाला आला. १९८२ साली बाहेरचं भांडवल आलं आणि नाव सिएरा ऑन-लाइन झालं. त्यानंतर ही गोष्ट संचालक मंडळाची, पगारपत्रकांची, १९८३च्या मंदीत घरी पाठवलेल्या माणसांची होते. १९९६ मध्ये कंपनी विकलीही गेली. या भागावर मी रेंगाळत नाही. कुटुंबाचा धंदा म्हणावा असा काळ माझ्या मते जेमतेम दोन वर्षांचा.

रॉबर्टा आणि केन मात्र कंपनी सोडल्यावर बरीच वर्षं खेळांपासून लांब राहिले. करोनाच्या टाळेबंदीत केन वेळ घालवायला खेळ तयार करण्याची नवी साधनं शिकू लागला. शिकण्यासाठी म्हणून एखादा खेळ करून पाहायचा होता. कोणता करावा, यावर रॉबर्टानं सुचवली ती पहिली गुहा. शिकण्यापुरतं घेतलेलं काम वाढत गेलं, माणसं जोडली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोघांचा ‘कोलॉसल केव्ह’ बाजारात आला. दोघंही तेव्हा सत्तरीला टेकलेले होते. १९७९ साली टर्मिनलच्या कागदावर तिनं जी गुहा नुसती वाचली होती, तिची प्रत्येक खोली या वेळी पडद्यावर दिसत होती.