मानशीच्या आत आणि बाहेर

[दृश्य: गोव्यातल्या रायबंदरहून सुटलेली फेरीबोट, समोर चोडण बेट]

मांडवी ओलांडली की धक्क्याजवळच तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान लागतं. सलीम अली पक्षी अभयारण्य, 1988 पासूनचं, जेमतेम 178 हेक्टरचं. पाहुण्यांचे कॅमेरे इथेच वळतात. आपण बांधावर जाऊ.

[दृश्य: मातीचा बांध, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेत]

हे खाजन. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे, गावकारीने, म्हणजे गावाच्या सामूहिक व्यवस्थेने, पिढ्यान् पिढ्या भरतीपासून राखलेली. बांधातलं हे लाकडी दार म्हणजे मानस. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. पावसाने मातीतला खारेपणा धुऊन काढला की इथे कोरगुट भात उभं राहतं.

मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते, त्या पैशांवर बांधाची डागडुजी चालायची. पण मासळीच्या लोभाने झडपा अवेळी उघड्या ठेवल्या, की खारं पाणी थेट शेतात. एखादं भगदाड महिनोन् महिने तसंच राहिलं, तर शेतातच तिवर रुजतं. परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि शेत गेलं ते गेलंच.

[दृश्य: चिखलात उतरलेली कांदळाची मुळं]

म्हणूनच 5 जूनला शाळेची मुलं रोपं घेऊन येतात तेव्हा आधी विचारावं: लावायचं कुठे? बांधाच्या बाहेर, जिथे लाटा माती खातात, तिथे कांदळ हवाच, तीही खारफुटीच. त्याचं बी झाडावरच रुजतं. लांब हिरवी शेंग चिखलात खोचली की झालं. मोकळी चिखलवट मात्र ओसाड समजू नये. पाणपक्ष्यांचं जेवण तिथेच असतं, तिथे रोपं लावणं म्हणजे त्यांच्या ताटात माती. (फोटो चांगला येतो, हे मान्य.)

रोपाइतकंच काम बांधावर आहे. कुर्ल्या (खेकडे) बांध पोखरतात; बोटभर बीळ वेळेत चिखलाने बुजवलं नाही, तर उधाणात तिथूनच बांध फुटतो. कुठलं बीळ वाईट, हे बांधावर आयुष्य काढलेल्या आजोबांना कळतं. त्यांना वर्गात बोलावण्यापेक्षा वर्गच इथे आणावा.

गणिताचा तासही इथे होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुलांनी उत्तर काढावं, मग मानशीवर उभं राहून पडताळावं. वहीत लिहावं: आज पाणी कुठवर चढलं, कुठली झडप नीट मिटली नाही, कुठे माती खचली, लावलेल्यांपैकी किती कांदळ जगले.

[दृश्य: वहीचं पान, तिथी आणि खुणा]

ही वही शाळेच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. बांधाची देखभाल पाहणाऱ्या कूळ संघटनेच्या बैठकीत ती मुलांनीच वाचून दाखवावी, तीही उन्हाळ्यात. पावसाआधी माती कुठे टाकायची, हे तेव्हाच ठरवावं लागतं.