जुन्या कॅसेटमधली नवी भुतं

हे माझ्या मावशीचं घर, गोव्यात मार्दोळला, देवळापासून चालत पाच मिनिटं. रात्रीचे साडेदहा झालेत, बाहेर पाऊस धरून आहे आणि आत हा जुना टीव्ही चालू आहे, मागे पोट असलेला, आता कुणाच्या घरात दिसत नाही असला. समोर बसलाय तो माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते. दिवसा कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीन मेंटेनन्सचं काम, आणि रात्री जेवण झालं की हे. गेली दोन वर्षं तो पॅकमॅन लिहितोय, भूलभुलैयात दाणे खात चार भुतांपासून पळायचा तो जुना गेम. खेळत नाही, त्याचा प्रोग्राम लिहितोय.

आणि कशासाठी लिहितोय तर टीव्हीखाली पडलेल्या त्या मशीनसाठी. आम्ही त्याला टीव्ही गेम म्हणायचो. चतुर्थीला सगळी भावंडं इथे जमायची, गणपतीवर माटोळी, डब्यात नेवऱ्या, आणि रात्रीची आरती झाली की याच टीव्हीसमोर नंबर लावून बसायचं. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. (आता कृपा करून मारू नका हां, तोंडातली ओल कॉन्टॅक्टवर बसते आणि आपल्या गोव्याच्या हवेत तर चार महिन्यांत हिरवा थर चढतो. साधं खोडरबर घ्या, हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, बास.)

ती मशीन म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल. खरा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ ला आला. आत प्रोसेसर साधारण १.८ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असल्या हजार मेमऱ्या मावतील. आणि अशा मशीनसाठी जगभर माणसं आजही नवीन गेम लिहितात, त्याला होमब्रू म्हणतात, म्हणजे घरी केलेलं. त्यातला एक मोठा भाग पोर्टचा, पार्लरमधल्या आर्केड मशीनवरचा गेम घरच्या मशीनवर आणायचा.

लोकांना वाटतं पोर्ट म्हणजे कॉपी-पेस्ट. मलाही तसंच वाटायचं, म्हणून हा व्हिडिओ.

पॅकमॅन आला १९८० मध्ये, नामको कंपनीचा, तोरू इवातानी यांनी डिझाइन केलेला. त्यात प्रोसेसर आहे झेड-८०, आणि फॅमिकॉममध्ये आहे ६५०२ च्या घरातला. दोघांची भाषाच वेगळी, त्यामुळे मूळ प्रोग्राम उचलून इथे टाकता येतच नाही. मूळचा १६ किलोबाइट कोड ओळीओळीने वाचायचा, तो काय करतोय ते समजून घ्यायचं आणि मग सगळं पहिल्यापासून लिहायचं. दादाकडे त्याच्या तीन वह्या भरल्यात, शाळेत असायच्या तसल्या दोनशे पानी.

आता पहिली अडचण बघा, एकदम साधी आहे. आर्केडमध्ये पॅकमॅनचा स्क्रीन उभा असतो, टीव्ही आडवा. सगळं चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत बसवलेलं असतं, आणि पॅकमॅनचा भूलभुलैया आहे २८ चौकोन रुंद, ३१ उंच. फॅमिकॉमच्या स्क्रीनवर वरून खाली रांगा मावतात ३०. एक रांग कमी! आणि टीव्ही वरखाली थोडं कापतो ते वेगळंच. नामकोने स्वतः १९८४ ला फॅमिकॉमवर पॅकमॅन आणला तेव्हा भूलभुलैया लहान करून स्कोअर उजवीकडे नेला. दादाला ते नको होतं. तो म्हणाला, 'गल्ली लहान झाली की पळायचं अंतर बदलतं गो, मग तो पॅकमॅन राहत नाही.' मग त्याने स्क्रीन किंचित हलता ठेवला, पॅकमॅन वर गेला की चित्र दोन-तीन रांगा खाली सरकतं. पहिल्या दिवशी डोळ्यांना जरा खुपतं, दुसऱ्या दिवशी कळतही नाही.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. फॅमिकॉम एका आडव्या रेषेवर फक्त ८ हलते तुकडे काढू शकतो आणि प्रत्येक तुकडा ८ पिक्सेल रुंद. पॅकमॅन असो की भूत, एकेकाला रुंदीत दोन तुकडे लागतात. पॅकमॅन आणि चार भुतं एकाच गल्लीत आली की झाले दहा. मशीन पहिले आठ काढते आणि उरलेले दोन सरळ सोडून देते, म्हणजे एक अख्खं भूत गायब, आणि तेच भूत तुम्हाला खाणार. मग करायचं काय, तर दादा पॅकमॅनला कायम पहिला नंबर देतो आणि भुतांचा क्रम दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर चित्र नव्याने काढलं जातं त्या प्रत्येक वेळी, फिरवतो, त्यामुळे प्रत्येक भूत चारपैकी तीन फ्रेम दिसतं. थोडं लुकलुकतं, पण असतं.

इथे मला अटारी २६०० या त्याहून जुन्या घरच्या मशीनवरच्या पॅकमॅनचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८२ मध्ये टॉड फ्राय यांनी तो एकट्याने केला, ४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये, मेमरी अख्खी १२८ बाइट. १२८! त्या मशीनकडे चित्र साठवायला जागाच नाही, टीव्हीचा किरण रेषेवरून धावत असताना त्याच्या बरोबरीने प्रोग्रामने चित्र पुरवायचं, एका रेषेला प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके मिळतात. त्यात चार भुतं एकदम बसेनात म्हणून दर फ्रेमला एकच भूत काढलं, म्हणजे प्रत्येक भूत चारपैकी एकच फ्रेम दिसायचं. त्या लुकलुकण्यावरून लोकांनी त्या गेमला आजवर नावं ठेवली. पुढे हौशी लोकांनी त्याच मशीनवर, त्याच ४ किलोबाइटमध्ये कितीतरी सरस पॅकमॅन करून दाखवला, पण त्यांच्या हाताशी वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, जमेल तेव्हा करू एवढी मोकळीक होती. मला विचाराल तर त्या पहिल्या माणसावर अन्याय झाला.

आता तिसरी गोष्ट, ही खास आपल्याकडची. आर्केडचा स्क्रीन सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतो. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. आपल्या बाजारातल्या नकली मशीनही त्याच तालावर चालायच्या, त्यामुळे ६० साठी लिहिलेले गेम आपल्याकडे हळू धावायचे आणि त्यातली गाणीसुद्धा. मी लहानपणी जे संगीत पाठ केलं होतं ते मूळच्यापेक्षा हळू होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं, याच खोलीत, आणि खरं सांगते, मला हळूच बरोबर वाटतं अजून.

पण दादाचं तसं नाही. पहिल्या लेव्हलला मूळ पॅकमॅन दर फ्रेमला एक पिक्सेल चालतो. इथे तेवढंच ठेवलं तर तो रेंगाळणार, म्हणून पाच फ्रेममध्ये सहा पिक्सेल. शिवाय मूळ गेममध्ये दर दाणा खाताना पॅकमॅन एक फ्रेम थांबतो, मोठी गोळी खाताना तीन फ्रेम. डोळ्यांना दिसत नाही, पण भूत मागे असतं तेव्हा बोटांना कळतं. भरल्या गल्लीत तुम्ही पकडले जाता आणि रिकाम्या गल्लीत सुटता ते त्यामुळेच. हे ५० च्या हिशोबात बसवायला दादाचा अख्खा मे महिना गेला.

आणि आता पिंकी. जिच्यासाठी मी कॅमेरा घेऊन आले ती ही.

गुलाबी भूत, पिंकी, तुमच्या मागे लागत नाही, तुमच्या पुढे चार चौकोन जाऊन वाट अडवते. डावीकडे, उजवीकडे, खाली, सगळं बरोबर. पण पॅकमॅनचं तोंड वर असलं की ती चार वर आणि शिवाय चार डावीकडे असा नेम धरते. ही चूक आहे, १९८० पासूनची. मूळ प्रोग्राममध्ये उभं आणि आडवं अंतर एकाच मोठ्या आकड्यात जोडून ठेवलंय, त्याची बेरीज करताना हातचा शेजारच्या घरात शिरतो आणि डावीकडचे चार तयार होतात. चांगले खेळाडू याचाच फायदा घेतात, पिंकी समोरून आली की तोंड वर करायचं आणि ती भलतीकडे वळते.

६५०२ मध्ये हिशोब एकेका बाइटचा होतो, त्यामुळे दादाने कोड लिहिला तेव्हा ही चूक झालीच नाही. पिंकी एकदम हुशार झाली, वर तोंड केलं तरी बरोबर समोर उभी. दादा आठवडाभर खेळत होता आणि काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला कळत होतं. शेवटी वही उघडली तेव्हा सापडलं. मग त्याने ती चूक मुद्दाम लिहिली. ही बघा, पडद्यावर ती जागा, शेजारी त्याने मराठीत लिहून ठेवलंय: 'हे चुकीचं आहे, दुरुस्त करू नये.'

हा गेम विकायचा नाहीये, पॅकमॅनचे हक्क कंपनीचे आहेत आणि दादाला ते पक्कं माहीत आहे. एकच कॅसेट आहे, एका बंद पडलेल्या कॅसेटच्या खोक्यात बसवलेली, या घरासाठी.

आवाज अजून बाकी आहे. तो दाणे खातानाचा वाका-वाका, दाणे संपत आले की चढत जाणारा सायरन, काहीच नाही. सध्या गेम मुका आहे. म्हणून आता थोडा वेळ मी बोलत नाही. कौलांवरचा पाऊस ऐकू येईल आणि दादाच्या बटणांचा टकटक आवाज. उजव्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा, पॅकमॅन आता वर वळेल.